मोहन्याहून लेणी आणि देवळं: पैसे किती धरायचे?

मोहन्याचं स्टेशन आंबिवली. तिथून टिटवाळ्याला लोकलचं तिकीट पाच रुपये. पुढच्याच स्टेशनवर उतरायचं, महागणपतीचं दर्शन घ्यायचं. देवळात जायला एक पैसा लागत नाही. तरीही चार माणसांचं कुटुंब संकष्टीला टिटवाळ्याहून घरी येतं तेव्हा सहाशे-सातशे रुपये सहज गेलेले असतात. ते कुठे जातात हे आधी पाहू, कारण टिटवाळा असो, त्र्यंबक असो की काशी-गया, खर्चाची रीत सगळीकडे तीच आहे. देवाच्या किंवा लेण्याच्या दारात फार थोडं द्यावं लागतं. स्टेशनपासून त्या दारापर्यंतच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये बाकीचं जातं.

टिटवाळ्यालाच बघा. रिक्षातून उतरलात की देवळाच्या रस्त्यावर दुकानासमोरून हाक येते, ‘काका, चपला इथं ठेवा, पैसे नाय लागत.’ चपला काढेपर्यंत हातात ताट आलेलं असतं. त्यात नारळ, दुर्वांची जुडी, जास्वंदीचा हार, पेढ्यांची छोटी पुडी आणि उदबत्ती असते. भाव कुणी सांगत नाही. तो कळतो परत येऊन चपला घालताना, आणि आकडा दीडशेपासून अडीचशेपर्यंत काहीही असू शकतो. ताट हातात घेण्याआधी भाव विचारा. दुर्वा आणि फूल एवढंच घ्यायचं असेल तर तेवढंच मागा, वीस-तीस रुपयांत होतं. दुकानदाराचंही पोट त्यावर आहे, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. फक्त भाव आधी ठरलेला असावा.

या लेखातले सरकारी दर ज्या त्या वर्षीच्या दरपत्रकातले आहेत. रिक्षा, खासगी गाडी, जेवण आणि मुक्काम यांचे आकडे अंदाजाचे आहेत. आखणी करायला ते पुरतात, पण निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे एकाच चाळीत चैत्रात एकविरेला जाणारं घर आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारं घर शेजारी-शेजारी असतं. दोघांच्या सहली मात्र वेगळ्या निघतात. खरं तर आपल्या भागातली बहुतेक तीर्थं जोडीनं आहेत. लेण्याद्रीचा गणपती बौद्ध विहारात बसला आहे, एकविरेचं देऊळ चैत्यगृहाच्या तोंडाशी आहे आणि लोनाडच्या बौद्ध लेण्यात खांडेश्वरीची पूजा होते. भाडं एकदाच पडतं. तेवढ्यात दोन्ही बघून या.

माणशी दीडशे रुपयांपर्यंतचं

पहिलं अंबरनाथ. आंबिवलीहून कल्याणला गाडी बदलून दहा रुपयांच्या आसपास तिकीट आणि अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षा. वालधुनीच्या काठचं हे शिवालय शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालं आणि तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असलं तरी तिकीट नाही. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, तिथे पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर कुणीतरी असू द्या. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. शिल्पं नीट बघायची असतील तर तो दिवस सोडून जा.

दुसरं लोनाड, भिवंडी तालुक्यात. अंतर थोडं, पण वाहनाची सोय बेताची, म्हणून मोहन्याहून किंवा कल्याणहून रिक्षा परतीच्या बोलीवर ठरवावी लागते. थांबण्याचा वेळ धरून पाचशे-सहाशे रुपये होतात. चौघांत वाटले तर माणशी दीडशे. लेणं लहान आहे. आत राजदरबाराचं दृश्य कोरलेला मोठा शिल्पपट आहे. तो बघायला सकाळचं ऊन बरं पडतं. गावात शिलाहार काळातल्या शिवमंदिराचे अवशेषही आहेत. तिकीट कुठेच नाही. पाणी मात्र घरूनच न्या.

शहाडचं बिर्ला मंदिर आणि दादरची चैत्यभूमी यांचा हिशेब मांडण्याचीही गरज नाही. लोकलचं तिकीट, बस एवढंच. सहा डिसेंबरला मध्य रेल्वे जादा गाड्या सोडते. त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा.

लेण्यांचं तिकीट

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांचे दर २०१८ साली वाढले. तेव्हापासून कार्ले, भाजे, लेण्याद्री, पांडवलेणी, कान्हेरी अशा ठिकाणी भारतीयांना रोख २५ रुपये आणि ऑनलाइन २० रुपये पडतात. वेरूळ, अजिंठा, घारापुरी ही जागतिक वारसा यादीतली ठिकाणं असल्यानं तिथे रोख ४० आणि ऑनलाइन ३५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर त्याला मात्र अनुक्रमे ३०० आणि ६०० रुपये पडतात, ते आधी माहीत असू द्या.

सुटीचे वार पाठ करा, कारण इथे चुकलं तर सगळं भाडं वाया जातं. वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद. घारापुरी सोमवारी बंद. कान्हेरीही सोमवारी बंद, आणि तिथे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं काढावं लागतं. सोमवार-मंगळवार जोडून सुटी आली तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असंच ठेवा, उलट केलंत तर दोन्ही हुकतील.

कान्हेरीला कल्याणच्या माणसानं एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या नावांपुढे कल्याणचं नाव येतं. आपल्याच गावच्या व्यापाऱ्यांनी अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी त्या डोंगरात पाण्याची टाकी आणि खोल्या खोदायला पैसे दिले.

एसटी की गाडी?

चार माणसं जमली की पहिला विचार येतो गाडी ठरवण्याचा. त्याचं गणित असं. भाड्याची चारचाकी किलोमीटरमागे बारा ते पंधरा रुपये घेते आणि दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरते, तुम्ही दोनशेच फिरलात तरी. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. म्हणजे दिवसाच्या कुठल्याही सहलीला साडेचार ते पाच हजार रुपये. चौघांत माणशी सव्वा हजार.

एसटीचं भाडं २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तरीही साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा दहा रुपयांच्या आसपासच आहे. शिवाय सवलती पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं. ज्येष्ठांनी ओळखपत्र विसरू नये. रेल्वेनं मात्र ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद केली, ती परत आलेली नाही. त्यामुळे घरात आजी-आजोबा असतील तर राज्यातल्या तीर्थांना एसटीच परवडते. गाडी ठरवावी ती पाच-सहा माणसं असतील, किंवा कुणाला चढता-उतरता येत नसेल तेव्हाच.

लेण्याद्री आणि ओझर

एसटीनं करायची सगळ्यांत चांगली यात्रा ही. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूरमार्गे जुन्नर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे पुरुषाला दोनशे-सव्वादोनशे रुपये आणि बाईला शंभर-एकशेदहा. जुन्नरपासून लेण्याद्री पाच किलोमीटर आहे. जाऊन-येऊन थांबण्यासह रिक्षाला तीनशे रुपये धरून चला. ओझरही त्याच दिवशी करायचं असेल तर दोन्हीचं मिळून आठशे ते हजार रुपये रिक्षाला पडतात आणि अष्टविनायकांतले दोन होतात.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. खाली पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे. ‘देवाला जायचं तर तिकीट कशाला?’ असा वाद तिथे अनेकदा ऐकू येतो. कारण साधं आहे. गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे ते सातव्या क्रमांकाचं लेणं मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे आणि सगळा डोंगर संरक्षित स्मारक आहे. मधल्या मोठ्या सभागृहाला एकही खांब नाही, आणि कडेला भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. दर्शन घेऊन लगेच खाली उतरू नका. शेजारीच सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे, त्यात स्तूप आहे. तेवढ्याच तिकिटात ते बघता येतं, आणि तरीही दहांतले आठ लोक न बघता उतरतात. याचं मला फार वाईट वाटतं.

डोलीचा दर खालीच ठरवा आणि तो जाऊन-येऊन आहे का हे स्पष्ट विचारा. माणसाच्या वजनावरून वर गेल्यावर घासाघीस होऊ देऊ नका. ती माणसं तीनशे पायऱ्या ओझं घेऊन चढतात, आधी ठरलेला आकडा त्यांनाही सन्मानाचा असतो. माकडांमुळे प्रसादाची पिशवी उघडी ठेवू नका.

मुक्काम करायचा तर ओझरच्या देवस्थानाचं भक्तनिवास खासगी लॉजपेक्षा स्वस्त आणि स्वच्छ पडतं. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड पडली की गाड्या बंद होतात किंवा लांबून वळवतात. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी आगारात चौकशी करा.

एका दिवसाचा माणशी खर्च, चौघं गेल्यास, जेवणासह आठशे ते नऊशे. महिलांना त्यातले दोनशे कमी.

एकविरा, कार्ले, भाजे

आगरी-कोळी घरांना हा रस्ता सांगायची गरज नाही. खर्चापुरतं बोलतो. कल्याणहून सकाळी इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेसनं लोणावळा, साधं तिकीट पन्नास-साठ रुपये. तिथून पुण्याच्या लोकलनं मळवली, पाच रुपये. मळवलीहून एका बाजूला भाजे चालत जाण्याइतकं जवळ आहे, दुसऱ्या बाजूला कार्ल्याला रिक्षा करावी लागते. लोणावळ्याहून थेट रिक्षा केली तर येऊन-जाऊन पाचशे-सहाशे मागतात, मळवलीहून निम्म्यात होतं.

कार्ल्याचं चैत्यगृह आपल्या देशातलं सर्वांत मोठं खोदीव चैत्यगृह आहे. वर छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्याच आहेत, नंतर बसवलेल्या नाहीत. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. देवीच्या रांगेत दोन तास उभं राहून २५ रुपयांचं तिकीट वाचवायला इथून परत फिरणं बरोबर नाही. चैत्री यात्रेला आणि नवरात्रात पायऱ्यांवर मुंगीलाही वाट मिळत नाही. ओटी भरायला आणि मान द्यायला ते दिवस पाळायचे असतील तर पाळा, पण लेणं बघायला मार्गशीर्ष-पौषातला मधला वार गाठा.

नाशिक: एका दिवसात काय होतं

तपोवन एक्स्प्रेस कल्याणला सकाळी सातच्या सुमारास मिळते, संध्याकाळी तीच परतीला उपयोगी पडते. आरक्षित बैठकीचं तिकीट शंभराच्या आत. कसाऱ्यापर्यंत लोकलनं वीसेक रुपयांत जाऊन पुढे शेअर टॅक्सी हा दुसरा मार्ग. तो तिकीट न मिळाल्यास कामी येतो, पण कसारा लोकल कमी आहेत आणि परतीची एक चुकली की स्टेशनवर ताटकळावं लागतं.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर, एसटीला पन्नासेक रुपये. देवळात धर्मदर्शनाची रांग मोफत आहे, आणि देणगी दर्शनाला २०० रुपये घेतात. मधल्या वारी मोफत रांगेतही दीड-दोन तासांत दर्शन होतं, तेव्हा २०० रुपये देण्याची गरज नाही. श्रावणी सोमवारी आणि सलग सुट्यांत रांग पाच-सहा तासांवर जाते. त्या दिवशी संध्याकाळची गाडी गाठायची असेल तर दोनशे रुपये द्या. रांगेबाहेर ‘आतून सोडतो’ म्हणणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका. पैसे खिडकीवर, पावती हातात.

नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी यांसाठी जाणाऱ्यांनी फार जपून राहावं. नागबळीचा विधी तीन दिवस चालतो, म्हणजे दक्षिणेखेरीज तीन दिवसांचा मुक्काम आणि जेवण आलं. वंशपरंपरेनं अधिकार असलेले पुरोहित ताम्रपत्रधारी म्हणून ओळखले जातात. मोबाइलवर पहिल्यांदा दिसणारी पानं त्यांचीच असतील असं नाही. अनोळखी खात्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. साहित्य, वस्त्रं, नागाची प्रतिमा आणि भोजन यांतलं काय दक्षिणेत धरलं आहे ते लिहून मागा.

आता पांडवलेणी. शहराच्या मुंबईकडच्या टोकाला, दोनशेवर पायऱ्या, चोवीस लेणी, तिकीट २५. इथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. हा लेख म्हणजे धार्मिक दानाचा चोख हिशेब आहे. त्यानं तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) कायमची ठेवली. दोन हजार महिना शेकडा एक व्याजानं, एक हजार महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी मोडायचं नाही. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. गणित करून पाहा. महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा बरोबर दोनशे चाळीस. एक नाणंही जास्त नाही, कमी नाही. रक्कम किती, कुणाकडे ठेवली, कशावर खर्च व्हायची, हे सगळं त्यानं दगडावर उघड लिहून ठेवलं. आज कुठल्याही देवस्थानात किंवा विहारात देणगी देताना आपणही एवढं विचारू शकतो.

पंचवटीतलं काळाराम मंदिर वेळ काढून बघाच. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पांडवलेणी आणि काळाराम एकाच दिवशी पाहिली की या जिल्ह्याचा धर्माचा इतिहास पुस्तकाबाहेर दिसतो. मंदिरात प्रवेश सर्वांना आणि मोफत.

त्र्यंबक, पांडवलेणी, पंचवटी ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, पण धावपळ फार. माणशी सातशे रुपये धरा. मुक्काम केला तर खोलीचे हजार-बाराशे वाढतात आणि जीव शांत राहतो. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत हे कुठलेही आकडे धरून चालू नका.

वेरूळला जायला तपोवन एक्स्प्रेसनंच छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाता येतं, पण मुक्काम हवाच. तिथे पहिली बारा लेणी बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन, आणि घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग पायी जाण्याच्या अंतरावर. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं. दोन दिवसांचे माणशी अडीच हजार.

काशी-सारनाथ, गया-बोधगया

मोहन्यातला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडल्यापासून इथल्या कितीतरी घरांनी ही यात्रा ‘पुढच्या वर्षी’ म्हणत ढकलली. ती वाटते तेवढी महाग नाही, स्वतः आखली तर. वाराणसीपासून सारनाथ दहा किलोमीटर, गयेपासून बोधगया बारा-पंधरा. जिथे पिंडदान, तिथून तासाभरात बोधिवृक्ष. गयेचं विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये पुन्हा बांधलं, तेव्हा मराठी माणसाला ती वाट परकी नाही.

कल्याणहून महानगरी एक्स्प्रेसनं वाराणसी आणि गयेहून हावडा-मुंबई मेलनं परत, हा सोयीचा मार्ग. स्लीपरला एका बाजूचे सातशेच्या आसपास. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बसा. एजंटाचे दोन-तीनशे वाचतात. दोघांचा आठवड्याचा हिशेब साधारण असा. रेल्वे तीन-साडेतीन हजार, मठ, धर्मशाळा किंवा विहाराच्या अतिथीगृहात राहिल्यास पाच रात्रींचे साडेचार हजार, जेवण चार हजार, रिक्षा-नाव तीन हजार. पिंडदान करायचं असेल तर दक्षिणा आणि साहित्य मिळून आकडा बसण्याआधी ठरवा. पिंड हातात असताना माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि हे तिथल्या काहींना पक्कं माहीत असतं. एकूण सोळा ते अठरा हजारांत दोघं परत येतात. पितृपक्षात गयेचे आणि थंडीत बोधगयेचे दर चढतात.

महाबोधी मंदिरात प्रवेश मोफत आहे. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सारनाथच्या स्तूप परिसराला २५ रुपये. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि अशोकाचं सिंहस्तंभशीर्ष त्याच इमारतीत आहे.

यात्रा कंपनीबरोबर जाणार असाल तर तीन प्रश्न लिहून विचारा: स्लीपर की एसी, खोलीत किती जण, आणि स्थानिक रिक्षा-नाव-प्रवेश धरलेत का. कमी पैशांच्या सहलीत हा तिसरा खर्च नेहमी बाहेर ठेवलेला असतो.

साठ वर्षांवरच्यांसाठी राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर एका व्यक्तीला तीस हजारांपर्यंत खर्च मिळण्याची त्यात तरतूद आहे. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, हे ठाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र बरोबर न्या, आणि अर्ज भरून देण्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.